पानिपताच्या पर्यायी जगातील दोन साम्राज्ये : विचारसरणींची एक तुलना

दोन साम्राज्ये परस्परांसमोर उभी राहिली म्हणजे प्रथम त्यांच्या सैन्यबळाची तुलना होते, नंतर कोषाची होते, आणि विचारसरणींची तुलना बहुधा राहूनच जाते. याचे एक कारण असे की, ज्या साम्राज्याचा जय झाला त्याची विचारसरणी आपल्याला स्वाभाविक वाटू लागते, आणि ज्याचा पराभव झाला त्याच्या विचारसरणीचे पूर्ण रूप कधी पाहावयासच मिळत नाही. विज्ञानकथेने ही अडचण एका युक्तीने दूर केली आहे. पराभूत पक्षास विजयी करून त्याचे राज्य दीड-दोनशे वर्षे चालवून दाखविणे इतिहासकारास शक्य नाही. कथालेखकास ते शक्य आहे. मराठीत हा प्रयोग जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत केला. ही कथा ‘यक्षांची देणगी’ (१९७९) या संग्रहात असून तिचे इंग्रजी रूप एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्यामुळे ती महाराष्ट्राबाहेरील विद्यार्थ्यांनाही परिचित आहे.

या कथेत दोन साम्राज्ये आहेत व दोघांच्या विचारसरणी भिन्न आहेत. त्यांची तुलना करणे, आणि ती तुलना पुणे-मुंबई या अक्षावरून न करता पूर्व विदर्भातून, विशेषतः गोंदिया जिल्ह्याच्या प्रदेशातून करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ‘विचारसरणी’ हा शब्द येथे मर्यादित अर्थाने योजिला आहे : सत्ताधारी वर्ग आपल्या सत्तेचे जे समर्थन मांडतो आणि प्रजेपैकी काहींना तरी जे पटते, ते समर्थन म्हणजे विचारसरणी होय.

१. कथेतील जग

कथेचे नायक गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक. पानिपतचा निकाल उलट लागता तर इतिहासाचा ओघ कोणत्या दिशेने गेला असता, या विचारात असताना त्यांना अपघात होतो आणि ते एका निराळ्या भारतात वावरू लागतात. पुण्याहून मुंबईस निघालेली त्यांची गाडी वाटेत सरहद्दीवर थांबते, तेथे परवाने तपासले जातात. पुढील मुलखावर युनियन जॅक फडकत असतो. १८५७ नंतर जी लयास गेली असे पंत शिकले व शिकविले, ती ईस्ट इंडिया कंपनी मुंबईत सुखेनैव नांदत असते. ग्रंथालयात बसून ते या जगाचा इतिहास वाचतात तेव्हा उलगडा होतो. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी या जगात त्यांच्या कानाजवळून निघून गेली. सैन्याचे धैर्य खचले नाही. मराठ्यांचा जय झाला.

त्यापुढील घटनाक्रम लेखकाने मोजक्या परिच्छेदांत सांगितला आहे. विश्वासराव व माधवराव या बंधूंनी राज्याचा विस्तार केला. कंपनी किनाऱ्यावरील थोड्या ठाण्यांपुरती उरली. दिल्लीचा बादशहा पेशव्यांनी राजकीय सोयीसाठी नामधारी ठेविला. एकोणिसाव्या शतकात युरोपातील यंत्रयुगाचे महत्त्व ओळखून त्यांनी स्वतःची विज्ञान-तंत्रकेंद्रे उभारली. कंपनीने साहाय्य व तज्ज्ञ देऊ केले. ते स्वीकारले गेले, परंतु आपली केंद्रे स्वयंपूर्ण होईपर्यंतच. विसाव्या शतकात पेशव्यांची जागा लोकनियुक्त मंडळांनी घेतली. बादशहा मात्र टिकला, कारण त्याच्या हाती काहीच नव्हते. मुंबई इंग्रजांकडे राहिली ती १९०८च्या करारान्वये आणि २००१ पर्यंतच्या मुदतीने.

शेवटचा तपशील सर्वांत अर्थपूर्ण आहे. आपल्या जगात परकी सत्ता येथे मालकी हक्काने होती. कथेतील जगात ती भाडेकरू आहे. दोन साम्राज्यांतील सर्व संबंध या एका शब्दात सामावतो.

२. अधिष्ठानाचा प्रश्न : राज्य कोणाच्या नावाने?

तुलनेस आरंभ करताच एक अनपेक्षित गोष्ट दिसते. सत्तेच्या अधिष्ठानासंबंधी दोन्ही पक्षांचा सिद्धान्त प्रारंभी एकच होता. मराठ्यांनी १७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीहून मिळविल्या. १७५२च्या अहदनाम्याने बादशाहीच्या रक्षणाची जबाबदारी पत्करली. कंपनीने १७६५ मध्ये बंगाल, बिहार व ओरिसा यांची दिवाणी शाहआलम यांच्याकडूनच घेतली व त्याबद्दल वार्षिक २६ लक्ष रुपये देण्याचे मान्य केले. १७७२ मध्ये महादजी शिंद्यांच्या सैन्याने शाहआलम यांना दिल्लीच्या तख्तावर परत बसविले. १८०३ मध्ये तोच वृद्ध बादशहा लेकच्या आश्रयास आला. कंपनीच्या रुपयावर १८३५ पर्यंत मोगल बादशहाचे नाव होते. म्हणजे नामधारी शहेनशहा ही नारळीकरांची कल्पना वस्तुतः अठराव्या शतकाचे यथातथ्य निरीक्षण आहे. त्यांनी ते फक्त विसाव्या शतकापर्यंत लांबविले.

नागपूर राज्याच्या अभ्यासकास हे ओळखीचे वाटेल. देवगडच्या गोंड घराण्यातील कलहात हस्तक्षेप करून पहिल्या रघूजी भोसल्यांनी राज्य हाती घेतले; तथापि गोंड राजा बुऱ्हाणशहा यास त्यांनी दूर केले नाही. त्यास नेमणूक देऊन नागपुरात ठेविले व त्याच्या घराण्याचा नामधारी मान राखला. दिल्लीत पेशव्यांनी जे केले तेच नागपुरात भोसल्यांनी केले. पुढे इंग्रजांनी भोसले घराण्यासही याच पंक्तीस आणून बसविले. सीताबर्डीची लढाई २६–२७ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली. १८१८ पासून रेसिडेंट जेंकिन्स यांच्या हाती कारभार गेला. आणि तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारल्यावर डलहौसीने राज्यच खालसा केले.

येथे मात्र दोन विचारसरणींची फारकत होते. जुन्या राजकारणात जिंकलेल्या सत्तेचा मान राखून तिच्या छायेत राज्य करणे शिष्टसंमत होते. १८५४चे खालसा-धोरण असे सांगते की दत्तकास वारसा नाही, म्हणून राज्यही नाही. परंपरेच्या मान्यतेची आता गरज उरलेली नाही. कथेतील मराठी साम्राज्य हा टप्पा कधीच गाठीत नाही. त्यात एका मागून एक अधिष्ठाने साठत जातात : बादशहा, त्याखाली पेशवे, त्यानंतर लोकसभा. सत्ता सरकते, पण कोणतीही पाटी पुसली जात नाही. लोकशाहीकडे जाण्याचा हा मार्ग क्रांतीपेक्षा निराळा आहे, आणि कथेचा हा राजकीय आशय अद्याप पुरेसा चर्चिला गेलेला नाही.

३. महसुलाचा प्रश्न : पैसा कोठे जातो?

अधिष्ठान समान असले तरी कर कोणासाठी गोळा करावयाचा याचे उत्तर दोघांचे भिन्न होते. कंपनी ही भागधारकांची संस्था. १८३३च्या सनदेने तिचा व्यापार बंद झाला, तरीही भागधारकांस दरसाल साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून मिळत राहील अशी तरतूद करण्यात आली. व्यापार न करता व्यापाराचा नफा मिळावा, अशी ही व्यवस्था होती. राज्य हा गुंतवणुकीचा विषय आहे, हे कंपनीच्या विचारसरणीचे मूळ सूत्र यावरून स्पष्ट होते.

मराठी पक्षाचे सूत्र निराळे होते, परंतु ते निर्दोष होते असे समजणे चुकीचे ठरेल. स्वराज्य आणि मुलूखगिरी असा भेद त्यात आरंभापासून होता. स्वराज्यातील रयत ही पालनीय. मुलूखगिरीच्या प्रदेशातील रयत ही चौथाईची धनी. नागपूरच्या भोसल्यांनी १७४२ पासून बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या त्यांचा शेवट १७५१च्या तहात झाला. अलिवर्दीखानाने कटक प्रांत सोडला आणि १२ लक्ष रुपये वार्षिक चौथाई मान्य केली. नागपूरच्या दरबारी हा पराक्रम होता. बंगालमध्ये मात्र ‘बर्गी’ हा शब्द आया-आज्या मुलांना भीती घालण्यासाठी वापरू लागल्या, आणि कलकत्त्याच्या रहिवाशांनी १७४२ मध्ये जो खंदक खणला त्यास ‘मराठा खंदक’ हेच नाव पडले. एका साम्राज्याची विचारसरणी त्याच्या राजधानीत जितकी उदात्त दिसते तितकी ती सरहद्दीवर दिसत नाही, हा नियम परकी व स्वकीय दोहोंना लागू आहे.

गंगाधरपंतांना भेटलेला भारत स्वाभिमानी आहे, यात संशय नाही. त्या भारताचे दर्शन त्यांना पुणे, लोहमार्ग आणि मुंबई येथून होते. कटक वा मुर्शिदाबाद येथून आलेला एखादा प्रवासी त्यांच्या डब्यात असता तर हाच इतिहास त्याने कोणत्या शब्दांत सांगितला असता, हा प्रश्न कथा विचारीत नाही. लघुकथेकडून ती अपेक्षा नसली, तरी अभ्यासकाने तो विचारावयास हवा.

४. विद्येचा प्रश्न : ज्ञान कोणत्या अटीवर?

विज्ञानकथा या नात्याने कथेचे खरे बलस्थान येथे आहे. पाश्चात्त्य ज्ञान स्वीकारावे की नाही हा तिचा प्रश्नच नाही. ते कोणत्या अटीवर स्वीकारावे हा आहे. आयझॅक आसिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ (१९५१) या प्रसिद्ध कृतीशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होईल. तेथे एक जीर्ण विश्वसाम्राज्य कोसळत असते आणि त्याच्या कडेला फाउंडेशन ही विद्वानांची वसाहत शेजारच्या राज्यांना अणुशक्तीची यंत्रे पुरविते. परंतु ती यंत्रे चालविणारे पुजारी केवळ क्रिया जाणतात, तत्त्व जाणत नाहीत. यंत्र मिळते, ज्ञान मिळत नाही. परिणामी घेणारा सदैव देणाऱ्याच्या अंकित राहतो. नारळीकरांच्या कथेतील कंपनी हाच डाव मांडू पाहते. पेशवे तो ओळखून तज्ज्ञांना मुदत घालून देतात. एकाच व्यवहाराकडे एक कथा देणाऱ्याच्या बाजूने पाहते, दुसरी घेणाऱ्याच्या बाजूने.

प्रत्यक्ष इतिहासात हा प्रयोग दोन वेळा झाला आणि दोन्ही वेळा अपुरा राहिला. महादजी शिंद्यांनी द बॉइन या सेनानीकडून कवायती पलटणी उभारविल्या व आग्र्यास तोफांचा कारखाना काढविला. ही फौज त्या काळी हिंदुस्थानातील कोणत्याही फौजेच्या तोडीची होती. तथापि अधिकारी युरोपीय राहिले. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अधिकारी निघून गेले, सेनापती पेराँ हा लेकच्या स्वाधीन झाला. दिल्ली व लासवारी येथे शिपाई शौर्याने लढले, परंतु त्यांना चालविणारा वर्ग आपला नव्हता. येथे सत्ता होती, पण ज्ञान परस्वाधीन होते. याउलट तंजावरचे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी ग्रंथसंग्रह, मुद्रण, वैद्यक यांत विलक्षण आस्था दाखविली. सरस्वती महाल ग्रंथालय आजही त्याची साक्ष देते. पण १७९९ मध्येच राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. येथे ज्ञान होते, सत्ता नव्हती.

कथेतील पेशव्यांनी या दोहोंचा मेळ घातला आहे. यावर एक आक्षेप घेता येतो. विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेल्या गोळीने लढाई जिंकता येईल. तिने विज्ञानकेंद्र उभे राहत नाही. कथेत राजेंद्र देशपांडे हा वैज्ञानिक मित्र कॅटॅस्ट्रॉफी सिद्धान्ताच्या आधारे सांगतो की, तोल साधलेल्या क्षणी अल्पसा फरकही परिणाम पालटून टाकतो. लढाईपुरते हे मान्य करावे. परंतु परकी तज्ज्ञाला मुदत घालण्याची बुद्धी, शाळा काढण्याची तरतूद आणि ती तीन पिढ्या चालविण्याची चिकाटी या गोष्टी एका क्षणाच्या नाहीत. आसिमोव्ह यांनी नेमकी विरुद्ध भूमिका घेतली : विराट लोकसमूहाच्या इतिहासात व्यक्तीचे व क्षणाचे महत्त्व नगण्य असते. नारळीकरांच्या कथेचे पहिले पाऊल क्षणवादी आहे. पुढील सर्व पावले संस्थांवर अवलंबून आहेत. या दोहोंमधील दुवा कथेने सांगितलेला नाही, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यास सर्वाधिक काम तेथेच आहे.

५. गोंदियाच्या बाजूने

आता दृष्टी आपल्या प्रदेशाकडे वळवू. वैनगंगेच्या पूर्वेचा हा मुलूख पेशव्यांच्या प्रत्यक्ष अमलाखाली नव्हता. तो नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि त्यातही कामठा, आमगाव यांसारख्या जमीनदाऱ्यांत विभागलेला होता. पानिपतच्या रणांगणावर नागपूरचे सैन्य नव्हते. दोन वर्षांनी, १७६३ मध्ये, जानोजी भोसले काही काळ निजामाच्या बाजूस गेले व पुणे जाळले गेले. १७६९च्या कनकापूरच्या तहाने माधवरावांनी त्यांना नमविले. तेव्हा पानिपतवर जय मिळता तर पुण्याचे नागपूरवरील नियंत्रण वाढले असते, हे उघड आहे. कथेतील ‘स्वतंत्र भारत’ नागपूरच्या दृष्टीने कदाचित पुण्याचे वर्चस्व ठरला असता. विजयी संघराज्यातील दुय्यम घटकांचे काय होते, हा प्रश्न येथून स्वाभाविकपणे सुचतो; पुण्यातून तो सुचणे कठीण.

दुसरी गोष्ट प्रतिकाराची. १८१८ मध्ये कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल यांनी आप्पासाहेब भोसल्यांच्या पक्षाने उठाव केला व कंपनीच्या फौजेने तो मोडून काढला. हा प्रतिकार पुण्याच्या वा दिल्लीच्या नावाने नव्हता. तो नागपूरच्या गादीच्या आणि स्वतःच्या वतनाच्या नावाने होता. साम्राज्यांच्या विचारसरणी या प्रदेशात पोहोचत त्या अशा स्थानिक निष्ठांचे रूप घेऊन.

तिसरी गोष्ट विद्येची. कथेतील तंत्रकेंद्रे राजधानीत उगवतात. परंतु या प्रदेशातील सर्वांत मोठी तंत्रविद्या राजधानीची नव्हती. कोहळी समाजाने गोंड राजवटीच्या आश्रयाने बांधलेले तलाव ही ती विद्या होय. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावे सांगितला जातो. टेकड्यांमधील खिंड हेरून पाळ घालणे, सांडव्याची उंची ठरविणे, पाटाने धानाच्या बांध्यांना पाणी देणे, हे सर्व हिशेबाचे काम आहे. गोंड, भोसले, इंग्रज अशी तीन राज्ये आली आणि गेली. तलाव चालू राहिले. १८६०च्या दशकातील बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजारास जमिनीचा मालक ठरविले आणि तलावही त्याच्या नावे लागले; १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाल्यावर ते शासनाकडे आले, आणि आज लोक त्यांना ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. ज्यांनी ते बांधले त्यांचे नाव गळाले. ज्यांच्या नावे कागद झाला तेच नावात उरले. साम्राज्याची विचारसरणी रयतेपर्यंत कशी पोहोचते याचे इतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

चौथी गोष्ट सर्वांत अडचणीची आहे. गोंदिया शहर ही लोहमार्गाची निर्मिती. नागपूरहून छत्तीसगढकडे नेलेला मार्ग १८८०च्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेकडे आला. विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारा अरुंद मार्ग येथून निघाला. जंक्शन झाले, धानाचा व विडीचा व्यापार वाढला आणि खेड्याचे शहर बनले. ज्या साम्राज्यास कथा पुसून टाकते, त्याच साम्राज्याच्या हिशेबातून हे शहर उभे राहिले. कथेतील भारतात लोहमार्ग आहेत; पण तेथे ते राज्याच्या गरजेने आखले गेले असते, बंदराकडे धान्य व कच्चा माल नेण्याच्या गरजेने नव्हे. त्या नकाशावर गोंदिया असते का? उत्तर निश्चित नाही. या प्रदेशातील वाचकास पर्यायी इतिहासातून केवळ गौरव मिळत नाही. स्वतःचे अस्तित्वही तपासून पाहावे लागते, ते यामुळे.

६. उपसंहार

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला : अधिष्ठानाच्या बाबतीत दोन्ही साम्राज्ये दीर्घकाळ समान होती, त्यांचा खरा भेद महसूल कोणास व ज्ञान कोणत्या अटीवर, या दोन प्रश्नांत आहे. दुसरा : कथेतील मराठी साम्राज्याचे श्रेष्ठत्व विजयावर आधारलेले नाही, मुदत घालण्याच्या सामर्थ्यावर आधारलेले आहे, तज्ज्ञास मुदत, मुंबईस मुदत, अखेर पेशव्यांच्या सत्तेसही मुदत. ज्या सत्तेला स्वतःची मुदत मान्य असते तीच लोकशाहीत रूपांतर पावू शकते. तिसरा : हे श्रेष्ठत्व राजधानीतून पाहिले आहे. सरहद्दीवरून, जमीनदारीतून व तलावाच्या पाळीवरून पाहिल्यास स्वकीय साम्राज्यासही तेच प्रश्न विचारावे लागतात जे परकीयास आपण विचारतो.

एच. जी. वेल्स यांनी ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) या कादंबरीत मंगळवासीयांच्या आक्रमणाची तुलना युरोपीयांनी टास्मानियातील लोकांच्या केलेल्या संहाराशी केली होती. विजेत्या साम्राज्याच्या नागरिकाने स्वतःस जितांच्या जागी ठेवून पाहिले, हे त्या कृतीचे महत्त्व. नारळीकरांनी जितांना विजेत्यांच्या जागी ठेविले. तिसरी शक्यता अद्याप मराठीत लिहिली जावयाची आहे : दोन साम्राज्यांच्या संघर्षात जो कोणाच्याच राजधानीत नव्हता, त्याच्या बाजूने लिहिलेली विज्ञानकथा. तिची सामग्री जमीनदाऱ्यांच्या दप्तरांत, बंदोबस्ताच्या कागदांत आणि गावोगावच्या तलावांच्या परंपरांत आहे. आपल्या जिल्ह्यातील संशोधक विद्यार्थ्यांनी तिकडे लक्ष दिल्यास इतिहास व साहित्य या दोन्ही शाखांचा लाभ होईल.